दाराजवळची जादा सीट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर तर नाहीच — तिथं हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून परत येतो. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणून तर तोंड उघडतंय.

मी सुरतेत राहतो, लिंबायतला. भेस्तानच्या एका गॅरेजात सीटा बसवायचं काम करतो. जुन्या लक्झरी गाड्या येतात, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन अशा ऐसपैस सीटांच्या. त्या उपटायच्या आणि तीन-दोन करून पुन्हा ठोकायच्या. माणसं जास्त मावतात, पाय मात्र मावत नाहीत.

यात एकच गोष्ट सांभाळायची असते. सीटचा पाय खालच्या लोखंडी पट्टीवरच आला पाहिजे, बोल्ट आरपार गेला पाहिजे. सीट सरकवली की पट्टी चुकते. मग गाडीखाली उताणं पडून नवीन पट्टी वेल्ड करायची. घाम, काजळी, डोळ्यांत ठिणग्या. मला हे येत नव्हतं का? झोपेत सांगितलं असतं तर झोपेत केलं असतं! माझ्या हाताचं नाव होतं गॅरेजात.

तर — आखाजीच्या आधीची गोष्ट. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. लेक माहेरी जाते आणि तिला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझी ताई भेस्तानलाच दिलेली. तिचा मुराळी मी. आणि ज्या गाडीनं आम्ही गावी जाणार, ती गाडी त्याच आठवड्यात माझ्या हाताखाली आलेली. सणाची गर्दी, मालकाची घाई. सगळं बसवून झालं आणि एक एकटी सीट उरली. मालक म्हणाला, दाराजवळ मार कुठंतरी.

दाराजवळ खाली पट्टीच नसते, तिथं पायऱ्यांसाठी कापलेलं असतं. नुसतं प्लायवूड. मी काय केलं? प्लायवूडमध्ये चार स्क्रू पिळले आणि हात धुतले. उशीर झाला होता, ताई वाट बघत होती — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. मला गाडीखाली शिरायचा कंटाळा आला होता. बस, एवढंच.

आणि ताईला त्याच सीटवर कुणी बसवलं? मीच. पाय पसरायला तिथं जागा होती, खिडकी होती. स्क्रू आठवले नाहीत असं समजू नका. आठवले. म्हणून तर हातानं सीट हलवून बघितली. हलली नाही. मी मनात म्हटलं, सण झाला की नीट करू. ताई तर काय, खुशीत. मागच्या बायांना वळून वळून सांगत होती, "हाई सीट मन्हा भाऊनी बसाडेल शे!" मी तिच्यामागेच बसलो होतो, भाचीला, योगिताला, मांडीवर घेऊन. मला तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं होतं, लाज वाटते सांगायला.

नवापूरच्या अलीकडे पुढचा ट्रक एकदम थांबला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. गाडी धडकली नाही, कुठं आदळली नाही. पण ताईची सीट मुळासकट उपटली आणि ती सीटसकट ड्रायव्हरच्या मागच्या दांड्यावर गेली. डोकं.

दुपारची वेळ, सगळे पेंगलेले. आवाज ऐकून उठले, घाईत सीटकडे कुणी बघितलं नाही, ताईला उचललं, खाली उतरवलं. योगितालाही माझ्या मांडीवरून कुणीतरी कडेवर घेऊन उतरलं. गाडी रिकामी झाली. आणि मी — सख्खा भाऊ मी — मी तिच्यामागे धावलो नाही. मी आधी सीट उचलली, पाय त्याच भोकांवर ठेवले, बुटानं दाबून दाबून स्क्रू आत घातले. वर ताईची पिशवी ठेवली. मग उतरलो आणि मोठ्यानं रडलो. रडणं खरं होतं. पण नंतरचं होतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत ताई गेली.

हवालदारानं विचारलं, बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही, मग हिलाच कसं लागलं? निरोप मिळताच सुरतेहून धावत आलेले दाजी समोर उभे, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, पोरीनं पाणी मागितलं, म्हणून ताई उठली होती. कुठून सुचलं? सुचलं खरं. कुणी पुढं विचारलंच नाही. उभ्या बाईचा तोल गेला, संपलं.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? पण योगिता जिवंत होती ना! दाजींनी तिला कधी बोट लावलं नाही. त्यांची आई मात्र, दूध सांडलं तरी म्हणायची, "पाणी पाणी करून आईला गिळलीस." मी त्या घरी दिवाळीला जायचो, जेवायचो, ते ऐकायचो. हात धुऊन परत यायचो. एकदाही घास अडकला नाही घशात.

आता योगिताचं लग्न झालंय, तिला स्वतःची लेक आहे. भाऊ नाही, म्हणून तिचाही मुराळी मीच. यंदा आखाजीला आणताना गाडीत तिच्या पोरीनं पाणी मागितलं. योगितानं तिचं मनगट असं धरलं, की पोर कळवळली. "उतरेपर्यंत गप बसायचं!" म्हणाली. ती स्वतःही गाडीत कधी पाणी पीत नाही.

मग थोड्या वेळानं खिडकीकडे बघत मला म्हणाली, "मामा, मला सगळं आठवतं. मी आईचा पदर ओढला होता. पाणी दे, पाणी दे, म्हणून मागंच लागले होते. म्हणून उठली ती."

आठवतं, म्हणाली. मी दिलेलं तिला आठवायला लागलंय.

बोलायची वेळ तीच होती. शेजारी बसलो होतो. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ दे बेटा. लहान होतीस तू." आणि तिनं, काय सांगू, माझा हात धरून ठेवला, जसं काही मी तिला माफ केलं.

तिनं पाणी मागितलं नव्हतं. ती माझ्या मांडीवर झोपली होती.