तांत्रिक कारणास्तव

शाळेत त्यांना सगळे ‘पुढच्यावर्षी सर’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळूही म्हणत नसत. आठवी संपवून हायस्कुलात येणाऱ्या प्रत्येक मुलाचे चार वर्षांचे विषय बसवून देणं हे त्यांचं काम. भाषा चार वर्षं, गणित तीन, विज्ञान तीन, व्यायाम दोन, आणि हाताने करायचा एखादा तरी विषय: चित्रकला, शिवण, मातीकाम नाहीतर सुतारकाम. यातलं एक जरी राहिलं तरी शेवटचं प्रमाणपत्र अडायचं. एखाद्या मुलाला हवे असलेले दोन विषय एकाच तासाला आले की सर चष्मा कपाळावर ढकलत, तक्त्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, “असं करू, हा पुढच्या वर्षी घेऊ.” मूल मान डोलवायचं, आईबाप उठायचे, पुढचे आईबाप बसायचे. एकोणीस वर्षं हे असं चाललं होतं. पुढचं वर्ष ही सरांच्या हिशेबाने फार ऐसपैस जागा होती. तिथे काहीही मावायचं.

आपण किती वेळा हे वाक्य म्हटलं असेल याचा सरांना अंदाज होता आणि त्याची थोडी लाजही वाटायची. त्यांनी स्वतः पोहायला शिकणं पुढच्या वर्षावर टाकलं होतं त्याला आता बावीस वर्षं झाली होती. पोटही तेव्हापासूनचंच.

त्यांची एकमेव साहित्यकृती म्हणजे ‘विषयनिवड पुस्तिका’. अठ्ठावीस पानं, सुबक चौकटी, बाण, तळटिपा. दरवर्षी ते ती नव्याने तपासत, स्वल्पविराम हलवत. पालक ती हातात घेऊन वारा घेत, मुलं मागच्या कोऱ्या पानावर मिश्या काढत. ती आजवर कुणी वाचली असेल असं म्हणायला काहीच पुरावा नव्हता. घरी तिची एक प्रत जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. टेबल डुगडुगायचं, ते पुस्तिकेमुळे थांबलं होतं. “तुमच्या लिखाणाचा आपल्या घराला आधार आहे हो,” असं बायको पाहुण्यांसमोर म्हणायची आणि सर तेव्हा पाणी आणायला आत जायचे.

अर्ज शुक्रवारी चार वाजता बंद होणार होते. बुधवारी दुपारच्या सुट्टीआधी एक बाई आल्या, दवाखान्याच्या पांढऱ्या गणवेशात. दोन पाळ्यांच्या मध्ये धावतपळत आल्या होत्या. बरोबर मुलगी, दोन वेण्या, हातात पुस्तिका. पुस्तिकेच्या पानांतून चार-पाच कागदी खुणा डोकावत होत्या. सरांनी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला नाही. असं काही पाहायची सवयच नव्हती.

“सर, हिला वरच्या पातळीचं गणित मिळालंय,” आई म्हणाली. “ते सोडायचं नाही, त्यावर तिचं पुढचं सगळं आहे. पण हिला सुतारकामही हवंय.”

सरांनी तक्ता बघितलाही नाही. वरचं गणित तिसऱ्या तासाला, सुतारकामही तिसऱ्या तासाला. हे त्यांना झोपेत सांगता आलं असतं. चष्मा आपसूक कपाळावर गेला.

“असं करू, सुतारकाम पुढच्या वर्षी घेऊ.”

“सर, पुढच्या वर्षी घेता येत नाही,” मुलगी म्हणाली. तिने खूण लावलेलं पान उघडलं. “पान अकरा, तळटीप दोन. ‘सुतारकाम हा सलग दोन वर्षांचा विषय असून त्यास प्रवेश केवळ पहिल्या वर्षी मिळेल.’ तुम्हीच लिहिलंय ना हे?”

सरांनी पान अकरा वाचलं. त्यांनीच लिहिलं होतं. स्वल्पविरामही त्यांचाच.

आता खरं म्हणजे माणसाने ओशाळायला हवं, पण सरांच्या मनात आधी आलं ते असं की कुणीतरी वाचलं! आणि मग पाठोपाठ आलं की अरेरे, कुणीतरी वाचलं.

“तुला सुतारकाम कशाला गं?” त्यांनी वेळ काढायला विचारलं. “मातीकाम घे. छान असतं. पाचव्या तासाला जागा आहे.”

“मी घरी एक स्टूल केलंय. पायांचे कोन सगळे काढले होते कागदावर. ते बरोबर आहेत, मी तीनदा तपासले. पण स्टूल हलतं.” तिने हाताने हलवून दाखवलं. “गणित बरोबर होतं सर, हात चुकला. मला तेवढं कळून घ्यायचंय.”

आई घड्याळाकडे बघत म्हणाली, “सर, एवढं बघा ना काही होतंय का. हट्ट म्हणून नाही सांगत, ती महिनाभर तेच बोलतेय. नाहीच जमलं तर सुतारकाम सोडू, पण मग तुम्हीच तिला नीट समजावून सांगा. मी सांगून थकले.”

“बघतो,” सर म्हणाले. बघतो म्हणजे बघत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मुलगी दारातून वळून म्हणाली, “मी शुक्रवारी साडेतीनला येते मग,” आणि सरांना खरंच बघावं लागलं.

त्यांचा बेत साधा होता. हे जमण्यासारखं नाही असं एका कागदावर कारणांसह लिहायचं आणि पान अकरावाल्या त्या पोरीच्या हातात द्यायचं. पहिलं कारण सोपं होतं. गणिताच्या बाई दुसऱ्या शाळेतून फक्त तिसऱ्या तासापुरत्या येत, त्यामुळे गणित हलणार नाही. आता दुसरं कारण. सुतारकाम का हलत नाही? मास्तर दिवसभर शाळेतच असतात. कार्यशाळा दिवसभर मोकळीच असते. सर थोडा वेळ पेन चावत बसले. मग कपाटातल्या जुन्या वेळापत्रकांच्या फायली त्यांनी एकेक करून काढल्या, शिंका दिल्या आणि अकरा वर्षांपूर्वीच्या फायलीत त्यांना तो कागद सापडला. ‘तांत्रिक कारणास्तव सुतारकामाचा वर्ग पाचव्या तासावरून तिसऱ्या तासाला हलविण्यात येत आहे.’ खाली त्यांचीच झोकदार सही.

तांत्रिक कारण कोणतं? विजेचं होतं का? यंत्राचं? आग लागू नये म्हणून काही? सरांना काही केल्या आठवेना. डबा खाऊन झाला, पाचव्या तासाची घंटा झाली, सरांनी खुर्ची भिंतीला टेकवली, पाय खालच्या खणावर ठेवले, चष्मा फायलीवर काढून ठेवला. खोलीत गाढ शांतता होती. डोळे मिटता मिटता त्यांना ते तांत्रिक कारण आठवलं आणि ते ताडकन उठून बसले.

कार्यशाळा त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली होती. पूर्वी पाचव्या तासाला खाली करवत सुरू झाली की सरांची वामकुक्षी व्हायची नाही. तिसऱ्या तासाला ते पलीकडच्या इमारतीत भूगोल शिकवायला जात, म्हणजे तेव्हा खाली काय वाटेल तो दंगा चालला तरी त्यांचं काही जात नव्हतं. तांत्रिक कारण एवढंच होतं. कारणाला चष्मा होता, पोट होतं आणि ते घोरायचं.

मग त्यांना मास्तर आठवले. खालचे सुतारकामाचे मास्तर दर दोन-तीन वर्षांनी जिना चढून यायचे, कपड्यांवरचा भुसा दाराबाहेर झटकायचे आणि विचारायचे, “सर, गणितातली पोरं माझ्याकडे एकही कशी येत नाहीत हो? मापं घेताना जीव जातो माझा.” आणि सर काय म्हणायचे? “मास्तर, हल्लीच्या मुलांना हाताने काम करायला नको असतं.” नुसतं म्हणून थांबले असते तरी ठीक होतं. या विषयावर त्यांनी पालक सभेत वीस मिनिटं भाषण ठोकलं होतं. शेवटी तर त्यांचा गळाही दाटून आला होता. टाळ्या पडल्या होत्या!

दरवर्षी वरच्या गणिताची तीस मुलं. अकरा वर्षं. गुणाकार सरांना येत होता. तीनशे तीस मुलांपैकी किती जणांना रंधा हातात धरायचा असेल कुणास ठाऊक. त्यांनी त्या वर्षाची यादी नुसती चाळायची म्हणून उघडली आणि सातव्या नावावर त्यांचं बोट थांबलं. तो त्यांचा मुलगा होता.

ते सगळं एकदम आठवलं. मुलगा तेरा वर्षांचा, जेवणाचं टेबल हलतंय आणि आमटी सांडतेय. “बाबा, मी सुतारकाम घेतो. आपलं टेबल मीच नीट करीन.” आणि बाबा म्हणाले होते, पुढच्या वर्षी घे. तेव्हाच त्यांनी ताजी छापून आलेली पुस्तिका घडी घालून पायाखाली सरकवली होती. दुसऱ्या वर्षी पोराने पुन्हा विचारलं, तर त्यांनी सांगितलं की आता प्रवेश मिळत नाही, पुस्तिकेत नियमच आहे. मग त्याने कधी विचारलं नाही. आता तो विमा कंपनीत आकडेमोड करतो, वेगळा राहतो, रविवारी जेवायला येतो आणि घरी साधा खिळा ठोकायचा असला तरी माणूस बोलावतो. सरांना मनापासून वाईट वाटलं. इतकं की त्या दिवशी ते झोपलेच नाहीत. पाचव्या तासाला न झोपण्याची अकरा वर्षांतली ही पहिलीच वेळ होती.

गुरुवारी सकाळी ते मोठ्या बाईंकडे गेले. वेळापत्रक बदलायला मुख्याध्यापिकेची सही लागते.

“अहो, नवे वर्ग सुरू व्हायला आठवडा राहिलाय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “सुतारकाम हलवायचं? तिथे काहीतरी तांत्रिक अडचण होती ना?”

सरांच्या तोंडाशी आलं होतं की ती आता दूर झाली आहे. सोपं होतं, शोभून दिसलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण त्यांना ती कागदी खुणांची पुस्तिका दिसली.

“अडचण म्हणजे मी झोपतो, बाई.”

“म्हणजे?”

“पाचव्या तासाला. वर खोलीत. खाली करवत चालते, त्याने झोप मोडायची.”

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “रोज?”

“शनिवारी अर्धी शाळा असते,” सर म्हणाले. “शनिवारी नाही.”

मोठ्या बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. त्या रागावल्यात की हसताहेत हे सरांना कळेना आणि विचारायची ही वेळ नव्हती. मग त्यांनी सही केली. “वरच्या गणिताच्या सगळ्या मुलांना आज फोन करा,” त्या म्हणाल्या. “एकेकाला. कारण तुम्हीच सांगा.”

तीस फोन झाले. दहाव्या फोनपर्यंत सरांनी कारण फिरवून फिरवून सांगितलं, नंतर सरळ सांगायला लागले, कारण त्याला वेळ कमी लागायचा. नऊ मुलांनी विषय बदलला. शुक्रवारी साडेतीनला पान अकरावाली आली, फॉर्मवर सुतारकामापुढे स्वतः बरोबरची खूण केली आणि म्हणाली, “सर, पान सतरावरही एक चूक आहे.” सरांनी पेन्सिल घेतली आणि तिला बसायला खुर्ची दिली.

वर्ग सुरू झाले. पाचव्या तासाला खालून करवत सुरू झाली की सरांच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. झोप गेली ती गेलीच. मास्तर एकदा वर आले, भुसा बाहेर झटकला आणि म्हणाले, “सर, एक पोरगी आलीय. मापाला अशी पक्की की मलाच भीती वाटते. एवढी वर्षं कुठे होती हो ही पोरं?” सरांनी तेही सांगून टाकलं. जाताना जिन्यावरून मास्तरांनी एक अस्सल शिवी दिली. ती सरांना पटली.

राहिला रविवार. दोन रविवार सरांनी ढकलले, सवयीने. तिसऱ्या रविवारी मुलगा जेवायला आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. सर टेबलाशी बसले आणि खाली वाकून पायाखालची पुस्तिका ओढून काढली. टेबल कलंडलं, पेला हलला, मुलाने तो चटकन धरला.

“काय करताय बाबा?”

“तू सुतारकाम मागितलं होतंस. आठवतं?”

“हो. आठवतं ना.”

“मी नाही म्हटलं.”

“जाऊ दे ना बाबा. ठीकच केलंत.” त्याने पेला मधोमध ठेवला आणि त्याच्याकडेच बघत राहिला. “तेव्हा वाईट वाटलं होतं. मग माझं मलाच कळलं. तुम्ही एवढ्या मुलांना बघता, तुम्हाला कळणारच ना कुणाच्या हातात काय आहे. माझ्या हाताला ते जमणार नाही, हे तुम्हाला आधीच दिसलं असणार. तेवढं तोंडावर बोलायला नको म्हणून तुम्ही पुढच्या वर्षावर टाकलंत. म्हणून मी नंतर कधी त्या वाटेलाच गेलो नाही.”

अकरा वर्षं पोरगा स्वतःचे हात असे वागवत होता, आणि बापाने त्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

“नाही रे बाळा,” ते म्हणाले. “मला झोप यायची.”

“काय?”

“दुपारी. जेवण झालं की. खाली करवत चालायची, म्हणून मी वर्ग हलवला. तुझ्या हातांचा काही संबंध नव्हता. फक्त माझी झोप.”

मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. “एवढंच?”

“एवढंच.”

मुलाने आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे असा बघायला लागला की जणू ते आत्ताच कुणीतरी आणून दिलेत. टेबल त्याच्या बाजूला हललं. आमटी घेऊन आलेली आई दारातच थांबली. “अगं बाई, त्या पायाखालचं कुणी काढलं?”

“असू दे आई,” मुलगा म्हणाला. “आमटी आतच ठेव जरा.” आणि तो खाली जमिनीवर बसला, टेबलाचा आखूड पाय हातात धरला आणि वर न बघता म्हणाला, “बाबा, घरात मोजपट्टी आहे का?”