पान उपाशी होतं

शाळेच्या प्रयोगशाळेत मावशी कामाला लागल्या, तेव्हा त्यांना परीक्षानळी आणि चंचुपात्र यांतला फरकही कळत नव्हता. नववीतूनच शिक्षण सुटलेलं, नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर, पदरात दोन मुली. काम एवढंच होतं : काचसामान धुवायचं, पुसायचं, जागच्या जागी ठेवायचं. पण हात नळाखाली असले तरी मावशींचे कान वर्गात असत. बावीस वर्षांत प्रकाशसंश्लेषणाचा धडा त्यांनी इतक्यांदा ऐकला, की सर कुठे खोकणार हेसुद्धा त्यांना पाठ झालं होतं.

त्या धड्याचा प्रयोग म्हणजे तर त्यांच्या हातचा मळ. जास्वंदीची कुंडी दोन दिवस कपाटात कोंडायची, म्हणजे पानांतला साठा संपतो. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी उजेडात ठेवायची. चार-पाच तासांनी ते पान तोडून उकळायचं, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा आणि वर आयोडीन सोडायचं. उजेड लागलेला भाग काळानिळा होतो, पट्टीखालचा नाही. स्पिरिट थेट आचेवर मात्र ठेवायचं नाही. तसं करणाऱ्या एका सरांच्या भुवया जाताना मावशींनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

त्या वर्षी विज्ञानाला नवे सर आले. पोरगेलेसे, हुशार, पण जरा घाईचे. नववीच्या मुलींसमोर त्यांनी पानावर आयोडीन टाकलं आणि पान तपकिरीच राहिलं. पट्टीखाली तपकिरी, पट्टीबाहेरही तपकिरी. मागच्या बाकावर खसखस पिकली. सरांचे कान लाल झाले.

तास संपल्यावर ते म्हणाले, "मावशी, आयोडीन जुनं झालंय. टाकून द्या ती बाटली."

मावशींनी बटाट्याची चकती कापली आणि वर एक थेंब सोडला. चकती क्षणात काळीनिळी झाली.

"बाटली ठणठणीत आहे, सर."

"मग आपण उकळताना काहीतरी चुकलो."

मावशी फाटकाजवळ गेल्या. भर उन्हातल्या जास्वंदीचं एक पान तोडून आणलं आणि तस्संच उकळून त्यावर आयोडीन सोडलं. पान शाईत बुडवल्यासारखं झालं.

"उकळणंही बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "आपलं कुंडीतलं पान उपाशी आहे, सर."

"असं कसं? पाच तास व्हरांड्यात होतं की!"

मावशींनी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि समोर बोट दाखवलं. शेजारच्या रिकाम्या जागेवर वर्षभरात चार मजले उभे राहिले होते. पूर्वी जिथे दुपारपर्यंत ऊन असे, तिथे आता दिवसभर सावली.

"एवढ्याशा उजेडात पान जे करतं ते त्याचं त्यालाच पुरत नाही. साठवणार काय, कपाळ?"

सर हसले आणि म्हणाले, "मी पुस्तक पाहत होतो, मावशी. तुम्ही पान पाहिलंत."

आता ऊन होतं फक्त गच्चीवर, आणि गच्चीची किल्ली हेडक्लार्ककडे. त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. "गच्चीवर जायला परवानगी नाही."

"मला नकोय हो," मावशी म्हणाल्या, "झाडाला हवीय. त्याचा अर्ज मी लिहून देते."

हेडक्लार्कना हसू आवरेना. किल्ली मिळाली.

दोन दिवस कपाटात कोंडलेली कुंडी शुक्रवारी सकाळी सातला मावशींनी स्वतः गच्चीवर नेली. बाराच्या तासाला पान वर्गात आलं. आयोडीन पडलं, आणि काळ्यानिळ्या पानावर मधोमध तपकिरी पट्टा उमटला, पट्टीने आखल्यासारखा. मुलींनी टाळ्या पिटल्या.

सरांनी खडू मावशींपुढे धरला. "असं का झालं, ते तुम्हीच सांगा."

मावशींनी खडू घेतला नाही, पण फळ्यापुढे उभ्या राहिल्या. "मुळं पाणी पाठवतात. पानाला खालून बारीक भोकं असतात, तिथून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. पानातलं हिरवं द्रव्य ऊन धरतं, आणि त्या उन्हाच्या जोरावर पान या दोघांची साखर करतं. पाण्यातून सुटलेला ऑक्सिजन बाहेर जातो, तोच आपल्या नाकात येतो. उरलेल्या साखरेचा स्टार्च करून पान ठेवून देतं. आयोडीनने दिसतो तो हा साठा."

"म्हणजे झाड माती खात नाही?" पुढची एक मुलगी म्हणाली.

"मातीतून चिमूटभर क्षार घेतं. बाकी हे बाक बघ, याचं लाकूड बहुतेक हवा आणि पाणी यांचंच."

मुलीने बाकावर हात फिरवून पाहिला. मग विचारलं, "नुसत्या हिरव्या उजेडात ठेवलं तर पान काळं होईल?"

मावशींनी सरांकडे पाहिलं. "कमी होईल असं वाचलंय," सर म्हणाले, "पण करून नाही पाहिलं."

"मग करून बघू. संमेलनाच्या दिव्यांचे रंगीत कागद माळ्यावर पडलेत. एका पानाला लाल, एकाला हिरवा. मी आजच कुंडी कपाटात ठेवते. सोमवारी सातला गच्चीवर या."

"सुट्टी आहे, मावशी, सोमवारी!"

"झाडाला नाही," मावशी म्हणाल्या.

सोमवारी सातला अकरा मुली आल्या. सर त्यांच्याही आधी आले होते.