चुंबकबाई आणि माझा उजवा हात

चि. ईरा आणि चि. नील,

तुमच्या आईनं तेव्हा तुम्हाला 'आजीचं छोटंसं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. आता तुम्ही मोठे झालात, आणि मागच्या आठवड्यात चुंबकबाई पुणं सोडून नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या. म्हणून आज सगळं नीट, क्रमानं लिहिते.

चुंबकबाई म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. फ्रिजवर लावायचा हिरवा प्लॅस्टिकचा पोपट सदैव त्यांच्या खिशात. त्याच्या पाठीला चुंबक. दिसेल त्या वस्तूला पोपट लावायचा. चिकटला, की ती वस्तू हद्दपार. नारायण पेठेतल्या भांडीवाल्यानं एकदा त्यांना विचारलं होतं म्हणे, "बाई, पातेलं विकत घेताय की ॲडमिट करून घेताय?"

या वेडाला कारण होतं. मला स्तनाचा कर्करोग झाला होता. तो काखेतल्या गाठींपर्यंत, म्हणजे लसिका ग्रंथींपर्यंत, पोचलाय का, हे बघायचं होतं. त्यासाठी लोहकण असलेलं तपकिरी औषध टोचतात. ते ज्या गाठीत आधी पोचतं, ती गाठ एक जाडसर पेनासारखं यंत्र चुंबकाच्या तत्त्वावर शोधतं, आणि सापडली की आवाज करतं. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. ती सापडलीच नाही, तर बहुतेक सगळ्या काढाव्या लागतात, आणि मग हात कायमचा सुजण्याची भीती. माझा तर उजवा हात. आणि यंत्राजवळ लोखंड आलं की ते गोंधळतं.

ऑपरेशनच्या सकाळी बाईंनी माझा चष्मा काढून घेतला. मग पोपट आजोबांच्या पट्ट्याला चिकटला.

"आजोबा, पट्टा काढून ठेवा."

"अहो, ऑपरेशन हिचं आहे!"

"तुम्ही दारापर्यंत येणार ना?"

"पट्टा काढला तर पँट येईल की नाही, सांगता येत नाही."

आजोबा दोन्ही हातांनी पँट धरून माझ्या स्ट्रेचरमागून चालले. मी हसतच भूल घेतली.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी खुद्द बाईंनीच सांगितलं. यंत्र कुठेही धरलं तरी ओरडत होतं. डॉक्टर वैतागले. "पहिली गाठ सापडत नाही. सगळ्याच काढू."

"सर, पाच मिनिटं द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टीलची सगळी हत्यारं दूर नेली. खोलीतल्या एकेकाला भिंतीपाशी उभं केलं. यंत्र ओरडतच होतं. शेवटी त्या स्वतः मागे सरकल्या, आणि यंत्र गप्प झालं. गाऊनच्या आत, खिशात, पोपट!

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, नातेवाइकांना आत परवानगी नाही."

औषध दोनच गाठींत पोचलं होतं; तेवढ्याच काढल्या, दोन्ही स्वच्छ.

"आजी, तुमचा हात माझ्यामुळे जात होता," बाई मान खाली घालून म्हणाल्या.

"आणि ती पाच मिनिटं कोणी मागितली?" मी विचारलं.

त्यानंतर दर दिवाळीला त्या घरी यायच्या. फराळाआधी शिंप्याच्या टेपनं माझे दोन्ही दंड मोजायच्या. "सारखेच आहेत. आणा चिवडा." नाशिकला जाण्यापूर्वी निरोप घ्यायला आल्या, तेव्हा दिवाळी नव्हती, तरी टेप आणली होती. त्या दिवशी त्यांनी उजवा हात दोनदा मोजला, माप दोन्ही वेळा तेच आलं, आणि चिवडा मागायला विसरल्या.

औषध टोचलं तिथं फिकट तपकिरी डाग अजून आहे. आणि लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण या घरात अजूनही मीच उघडते.