टॉनिकऐवजी दोन केळी

बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या डॉक्टरांना केळीवाले डॉक्टर म्हणत. अशक्तपणाची तक्रार आली की ते डोळ्याची खालची पापणी ओढून पाहत, मग जीभ, मग नाडी. काही सापडले नाही तर चिठ्ठीवर लिहीत : रोज दोन केळी. वर म्हणत, "टॉनिकची गरज नाही." माणूस चिठ्ठी घेऊन सरळ नाक्यावरच्या लारीकडे, म्हणजे केळ्यांच्या हातगाडीकडे जाई. लारीवाला ती गंभीरपणे वाची, केळी मोजून देई आणि बजावी, "सवारे एक, सांजे एक."

औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी त्यांचा नियम वेगळा होता. शेवटचा पेशंट उठेपर्यंत प्रतिनिधीने बाहेर बाकावर बसायचे. एका टॉनिक कंपनीचे रमणभाई या बाकावर अकरा वर्षे बसले. "रमणभाई, तुम्ही तब्येतीने ठणठणीत," डॉक्टर म्हणत, "म्हणून तुमचा नंबर शेवटी."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याभोवती कारखाने वाढले आणि कंपन्यांना टाय लावणारे डॉक्टर हवेसे झाले. पन्नाशीला टेकलेल्या आमच्या डॉक्टरांनी एक दिवस जाहीर केले की आपण उपाध्यक्ष होणार. कंपनी रमणभाईंचीच. कारण विचारल्यावर म्हणाले, "वीस वर्षं एकेक घसा पाहिला. आता हजार घसे एकदम बघतो." त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "आधी टायची गाठ मारायला शिका." पहिले सहा महिने नोकरी कच्ची होती. तेवढ्या काळात प्रतापनगरच्या दवाखान्यांतून कंपनीचे टॉनिक लिहिले जायला लागले तर पक्की, नाहीतर घरी. आणि दवाखाना तर त्यांनी हाताखालच्या डॉ. नीला यांना कायमचा देऊन टाकला होता.

सयाजीगंजच्या ऑफिसात ते रमले. विक्री घसरली म्हणणाऱ्या विक्रीप्रमुखांना त्यांनी विचारले, "कधीपासून? जेवणानंतर वाढतं का?" जुने पेशंट तिथेही पोचले. महिन्याभरात स्वागतकक्षातल्या बाई त्यांना नंबर देऊ लागल्या. टॉनिक मात्र प्रतापनगरात कोणी लिहीत नव्हते. वीस वर्षे डॉक्टरांचेच ऐकून सगळा भाग केळ्यांवर होता.

पाचव्या महिन्यात उपाध्यक्ष स्वतः रमणभाईंबरोबर फिरतीवर निघाले आणि आपल्या जुन्या दवाखान्यात आले. मला कोरडा खोकला होता, बाकावर माझा सातवा नंबर होता, म्हणून पुढचे पाहिलेले लिहितो.

ते सवयीने थेट केबिनकडे गेले. डॉ. नीला दारात आडव्या आल्या. "सर, आधी पेशंट संपू देत. नियम तुमचाच आहे."

डॉक्टर इतके खूश झाले की टाय सैल करून खदखदून हसले आणि बाकावर येऊन बसले.

"साहेब, बॅग मांडीवर आडवी ठेवा," रमणभाई म्हणाले. "उभी ठेवली तर डुलकी लागल्यावर पडते."

"अनुभव?"

"पाच वेळा पडली. चार वेळा तुम्ही आतून ओरडलात."

एवढ्यात वर्कशॉपमधले फिटर जाधव पुढे सरकले. "डॉक्टर, बरे भेटलात! अंगात त्राणच नाही बघा. तुमच्या बॅगेतलं टॉनिक घेऊ का?"

बाकावरचे सगळे वळून बघू लागले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच प्रतापनगरातला एक माणूस आपणहून टॉनिक मागत होता. रमणभाईंनी बाटली अर्धी बाहेर काढलीसुद्धा. डॉक्टरांनी जाधवांची पापणी ओढली, जीभ पाहिली, नाडी धरली.

"गरज नाही. दोन केळी खा."

रमणभाईंनी डोळे मिटले. "साहेब, मारी नाख्या! मेलो आपण!"

केबिनचे दार उघडले. डॉ. नीला हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. डॉक्टर स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसले होते, पण खांदे हलत होते.

प्रतिनिधीने रोजच्या अहवालात भेटलेल्या डॉक्टरांचा अभिप्राय लिहायचा असतो. रमणभाईंनी प्रामाणिकपणे लिहिले : 'उपाध्यक्षांच्या मते गरज नाही.' तिसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकांचे, शेठचे, बोलावणे आले. इकडे डॉक्टर आता परत येणार असे धरून डॉ. नीलांनी केबिनमध्ये दुसरी खुर्ची मांडून ठेवली.

शेठ परदेशात माल पाठवायच्या तयारीत होते आणि तो खराब ठरून परत येण्याची त्यांना धास्ती होती. रमणभाई दाराशी उभे होते, त्यांनी ऐकलेले असे : "विकायला माणसं पुष्कळ आहेत, भाई. ना म्हणणारा एकच मिळाला. याला विक्रीतून काढा आणि कारखान्यात बसवा. याने हो म्हटल्याशिवाय एकही बाटली दरवाजाबाहेर जाणार नाही." नोकरी पक्की झाली. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी शेठच्या आवडत्या सरबती रंगाच्या औषधाला नाही म्हटले. शेठ दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी जीभ दाखवायला आले.

चार वर्षांनी कंपनीने त्यांना परराज्यातल्या मोठ्या कारखान्यावर पाठवले. बडोदे स्टेशनवर निम्मे प्रतापनगर लोटले होते, आणि प्रत्येकाच्या हातात दोन केळी होती. बर्थ भरला, वहिनींची मांडी भरली, तरी खिडकीतून केळी येतच होती. फक्त रमणभाईंनी टॉनिक आणले होते.

"अहो, एवढी खायची कधी?" डॉक्टर ओरडले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडात केळे होते.

गाडी हलली. लारीवाला लारी नाक्यावर सोडून आला होता. खिडकीबरोबर धावत त्याने दोन बोटे वर केली :

"सवारे एक, साहेब! सांजे एक!"