देवाचं पाणी पिऊन दुसऱ्यांदा चढलेला डोंगर

वडवणीच्या स्टँडवरून पहाटेच निघालो तेव्हा पिशवीत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि अंगात पन्नाशीचा माज होता. त्या दुष्काळी वर्षी फाल्गुनातच बालाघाटाचे डोंगर चुलीवरच्या तव्यासारखे काळे पडले होते. त्यातला सगळ्यात उंच दिसणारा मी निवडला. एकट्यानं चढायचं, एकट्यानं उतरायचं, ही माझी जुनी खोड.

अर्ध्या चढावर फोटो काढायला म्हणून पाण्याची बाटली दगडावर ठेवली. ती कलंडली आणि टणाटण उड्या मारत दरीत गेली. मी तिला हाकही मारली! शहाणा माणूस तिथून परतला असता. मी वर गेलो.

माथ्यावर पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. समोर महादेवाचं छोटं देऊळ आणि पिंडीवर टांगलेली गलती (बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं) थेंब थेंब ठिबकत होती. देवाची क्षमा मागितली, गलती काढली, घटाघटा प्यालो. उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. काय सांगू, सगळा मराठवाडा हिरवा दिसू लागला!

"पेलं का समदं?"

देवळामागच्या सावलीत एक म्हातारी गुडघा चोळत बसली होती. नाव मुक्ताबाई.

"पाऊस येवस्तोवर ही धार तुटू द्यायची न्हाई, असं गावानं ठरवलंय. रोज एक घर पानी आनतंय. आज माझी पाळी. लेक-सून ऊस तोडायला गेलेत, म्हनून मीच चढले. आता धार माझ्या घराला तुटली म्हनत्याल."

"मावशी, मी आणतो."

"मंग चला की. थांबलात कशाला?"

खाली गावात दूध संस्थेपुढं रांग होती. जनावरांचं दूध आटलेलं, म्हणून संस्थेच्या रिकाम्या कॅनमधून टँकरचं पाणी वाटत होते, दुधाच्याच मापानं. सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, सकाळचं माप नेलंत की."

"ते देवानं पेलं."

"एवढ्यात?"

"आजचा देव पँट घालून आलता." तिनं माझ्याकडं बोट केलं. रांग खो-खो हसली. सेक्रेटरीनं तिच्या संध्याकाळच्या वाट्यातून माप कापलं. मी नको नको म्हणत राहिलो. ती ऐकेना. कळशी माझ्या खांद्यावर चढवली आणि वर एक तांब्या भरून पुढं केला.

"आदी तुमी प्या. न्हाईतर वाटंत पुन्हा देवाचं प्याल."

प्यालो. इतकं गोड पाणी मी कुठल्याच हॉटेलात प्यालो नाही.

"धार लागली की घंटी वाजवा. खाली ऐकू येती."

दुसऱ्या चढाला कळशीतल्या पाण्याला ओठ लावला नाही. गलती भरली, टांगली. पिंडीवर पहिला थेंब पडला, मग दुसरा. घंटा वाजवली. खालून तिची बारीक हाळी आली, "आयकलं रं!" एका हाळीत मी 'तुमी'वरून 'रं'वर आलो, आणि उगाच डोळे पुसले.

आजवर घरी आलो की डोंगराची उंची सांगायचो. ह्या डोंगराची मला ठाऊक नाही. एवढंच सांगतो, की कळशीतलं दोन घोट पाणी वळणावर माझ्या सदऱ्यावर सांडलं. ते मुक्ताबाईला मी सांगितलेलं नाही. कधी तिकडं गेलात, तर तुम्हीही सांगू नका.