कण्याचा तुकडा

दाएंग सिक्कीला कागदाचं वावडं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढली, त्याला कागद कशाला लागतो? बुलुकुंबाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात, जिथे बाई असो वा बाप्या, मोठ्यांना मानाने 'दाएंग' म्हणतात, मी कचेरीत कारकून आहे आणि असल्या माणसांनी माझं डोकं पार उठवलंय.

पन्नाशीला त्याने स्वतःची होडी घेतली. जुनीच, त्याचा जिवलग दाएंग नाबा याच्याकडून. व्यवहार कसा, तर पैसे हातावर ठेवले, दोघांनी कॉफी प्यायली, झालं. पुढच्याच महिन्यात नाबा छातीत कळ येऊन गेला. आणि मग हुकूम आला: ज्या होडीला नोंदणीचा दाखला नाही तिला सवलतीचं डिझेल नाही आणि महिनाअखेरीनंतर ती समुद्रात सोडणारच नाहीत.

"विक्रीचा कागद?" मी विचारलं.

"नाबा तोंडीच बोलला होता."

"आता नाबाचं तोंड कुठून आणू, दाएंग?"

तो खाली मान घालून बसला. मला माझीच लाज वाटली.

होडी बांधणाऱ्या सुताराने लिहून दिलं की, ही मी नाबासाठी बांधली. राहिली फक्त नाबाच्या बायकोची, दाएंग तेनेची सही. आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. तिने तळलेली केळी पुढे ठेवली, कागद सावकाश वाचला आणि घडी करून मला परत दिला.

"होडी अजून विकलीच गेली नाही."

सिक्की दचकला. "वहिनी, पैसे तुमच्यासमोर दिले ना!"

"दिलेस. पण कण्याचा तुकडा न्यायला आलास का?"

आमच्याकडे होडी बांधायला घेतली की सुतार आधी तळाच्या कण्याची दोन्ही टोकं कापतो. पुढचं टोक समुद्राला, मागचं मालकाच्या बायकोला. तिने ते घरात जपलं की समुद्रावर गेलेला माणूस परत येतो. होडी विकली तर तो तुकडाही नव्या मालकाच्या घरी, तिथल्या बाईच्या हातात जायला हवा. सिक्कीने इंजिन नेलं, नांगर नेला, फुटकी बादलीसुद्धा नेली, आणि हे राहिलं?

"अहो, शेंबड्या पोराला कळतं हे!" मी तिथल्या तिथे त्याला झापलं.

"विसरलो नाही," तो म्हणाला. "नेऊन देऊ कुणाच्या हातात? माझ्या घरात आहे कोण?"

त्याची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही होतं, आणि तरी मी बरळलो.

तेने आत गेली आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला वीतभर तुकडा घेऊन आली. "चोवीस वर्षं सांभाळला. दर खेपेला नाबा परत आला. गेला तो इथे, या चटईवर. रिकाम्या घरात फळीवर पडून राहायला मी हा देणार नाही."

सिक्की उठला. "बरोबर आहे, वहिनी. होडी परत घ्या."

"बस खाली! पुरतं ऐकून न घेता उठायची खोड त्यालाही होती." तिने माझ्या खिशातलं पेन काढलं. "सही करते. तुकडा माझ्याकडेच राहील. पण किनाऱ्याला लागलास की आधी माझ्या कुंपणाशी येऊन हाक मारायची. मग घरी जा नाही तर मसणात जा. आलास ते मला कळलं पाहिजे."

दाखला आठवड्यात आला. पहिल्याच खेपेला वारा फिरला आणि सिक्की दुपारी यायचा तो दिवस कलताना आला. तेने कधीची कुंपणाशी उभी होती. मीही होतो, सहज, असं म्हणायचं.

"वहिनी, आलो!" तो लांबूनच ओरडला.

"दिसतंय. गाव कशाला गोळा करतोस?" म्हणत ती चुलीकडे वळली.

सिक्की मात्र हलेना. माशांची टोपली खाली ठेवून तो रस्त्यातच बसला.

"काय झालं? लागलं का कुठे?" मी विचारलं.

"नाही रे," तो डोळे पुसत म्हणाला. "अकरा वर्षांत 'आलो' म्हणायला कुणी नव्हतं."