सगळ्यात वरची ओळ

आमच्या धंद्यातली माणसं कितीही बुद्धीचा आव आणोत, काम एकच: मोबाईलच्या पडद्यावर याद्या दाखवायच्या. भाज्यांची यादी, डॉक्टरांची यादी, स्थळांची यादी. मी पण तेच करते, पुण्याच्या एका कंपनीसाठी, पडेगावच्या आमच्या घरात बसून. म्हणून मायची वाचा गेली तेव्हा मला सुचली ती सुद्धा यादीच. दुसरं येतं काय मला?

तिला लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, कळतंय सगळं, पण शब्द जिभेपर्यंत येत नाहीत, अक्षरंही आता ओळखू येणार नाहीत. आणि माझी माय म्हणजे कशी, तर ती बोलायला लागली की दौलताबाद रोडवरच्या ट्रकांनी हॉर्न बंद करावेत. तिच्या तोंडून आता नुसतं "अं, अं" निघायचं. आपलं कुणाला कळेना झालं की ती डाव्या हातानं पलंगावर थापा मारायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्कशॉपातल्या फिटरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, दिवसभर तिच्या उशाशी बसून अंदाज लावत राहायचे. "चहा? चादर? पंखा लावू?" एखादा अंदाज लागायचा. बाकी वेळ दोघंही दमून जायचे आणि मला बघवायचं नाही.

मग मी घरातला जुना टॅबलेट काढला. जेसन म्हणून एक साधी फाईल असते. त्यात एकेका गोष्टीचं नाव, चित्र आणि आवाज लिहून ठेवायचा. ॲप उघडलं की ते फाईल वाचतं आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी मांडतं. ओळीवर बोट ठेवलं की टॅबलेट बोलणार. यात पडद्याला कामं सांगत बसावं लागत नाही, की हे इथं काढ, ते तिथं सरकव. आपल्याकडं काय काय आहे तेवढं सांगायचं, मांडणी तो करतो. फाईलमधली एक ओळ काढली तर खालच्या सगळ्या गुमान वर सरकतात. गेलेल्या ओळीची फटसुद्धा राहत नाही.

पहिल्या दिवशी पडद्यावर काहीच आलं नाही. गोल गोल फिरणारं चक्र तेवढं बघत बसलो तिघं. मी टॅबलेटला शिव्या घातल्या, जुना झालाय मेला, आणि नंतर सापडलं की फाईलमध्ये माझाच एक स्वल्पविराम राहिला होता. "नाचता येईना, अंगण वाकडं," अण्णा म्हणाले. माय हसली, अर्ध्या तोंडानं.

फोटो अण्णांनीच काढले. पाण्याचा तांब्या, तिचा कान तुटलेला कप, तिचीच चादर, मोसमातलं पहिलं सीताफळ, आणि नळाची तोटी. आमच्याकडं नळ रोज येत नाही, आणि आला की माय सगळं घर डोक्यावर घ्यायची. लकव्यानं तो अधिकार का जावा? "नळ आला" ही ओळ तिच्या खास आवडीची होती. "दुखतंय" याचा फोटो कसा काढणार, म्हणून तिथं अण्णांनी लाल पेनानं एक रडका चेहरा काढून दिला. या सगळ्या ओळींना आवाज माझा.

सगळ्यात वर मी अण्णांचा फोटो ठेवला, कारण तिला सगळ्यात जास्त लागायचे तेच. नावाच्या जागी त्यांचं नाव लिहिलं, चांगलं आडनावासकट, आणि वाचायचं काम यंत्राच्या आवाजावर सोडून दिलं. माय हौसेनं पहिलीच ओळ दाबायला गेली. टॅबलेटनं खणखणीत आवाजात तिच्या वतीनं तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं.

आता गं बया! जिनं लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, रेशनच्या दुकानात सुद्धा जी मला पुढं ढकलायची, "सांग गं तुझ्या अण्णाचं नाव" म्हणून, तिच्यावर ही वेळ. तिनं टॅबलेट गोधडीवर टाकला आणि डाव्या हातानं पदर तोंडावर ओढून घेतला. कान लालबुंद झाले होते. अण्णा ठसका लागेपर्यंत हसले.

मी नाव पुसलं आणि जागा रिकामी ठेवली, म्हटलं बघू नंतर. ॲप परत उघडलं तर अण्णाच गायब. बिननावाची ओळ दाखवायची नाही, हा नियम मीच लिहिला होता, सवयीनं. अण्णा चष्मा लावून वाकले.

"आन् मी कुठं गेलो?"

"तुम्हाला नाव नाही ना, म्हणून दिसत नाही तुम्ही."

"घ्या! चाळीस वर्षं या घरात बिननावाचाच हाय की मी. तिला दिसत व्हतोच ना?"

ती त्यांना काय म्हणायची ते काय मला माहीत नव्हतं? "आवं, ऐकलं का?" स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, भर शहागंजच्या बाजारातून. शंभर बायका शंभर नवऱ्यांना हेच म्हणत असतील, पण अण्णा बरोबर तिच्याच हाकेला मान वळवायचे. तेच लिहिलं. यंत्राच्या तोंडी ते घातलं तर बसस्टँडवर गाडी लागल्यासारखं वाजलं. मी स्वतः म्हणायला गेले, तर जीभच रेटेना. लेकीनं बापाला "आवं" म्हणायचं? मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"दे इकडं," अण्णा म्हणाले. "मीच म्हणतो. तिची हाक माझ्याइतकी ऐकलीय कुणी?"

आणि त्यांनी म्हटलं. तिच्यासारखाच "आवं" लांबवला, "का" वर तसाच जरा राग चढवला. जाडाभरडा पुरुषी आवाज, पण ठेका अगदी मायचा. तिनं ओळ दाबली, ऐकलं, परत दाबली. मग दिवसभर तेच. अण्णा गच्चीवर असोत नाहीतर दारात, टॅबलेटातून त्यांचाच आवाज त्यांना हाक मारायचा आणि ते गुडघे धरत यायचे. शेजारी बसलेले असताना सुद्धा ती दाबायची, उगीच. लकव्यानंतरचे ते महिने आमच्या घरात खरंच सुखाचे होते, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही.

हिवाळ्यात एका सकाळी अण्णा दूध आणायला गेले. दुकानापुढच्या खुर्चीवर जरा टेकतो म्हणाले आणि तिथंच गेले. सगळ्यांनी मनातल्या मनात मायला आधी धरलं होतं, मी पण. ती राहिली.

तिला कळलं का, असं विचारणारे खूप भेटले. कळलं. ती त्यांच्या उशाशी बसली होती, डावा हात त्यांच्या कपाळावर ठेवून, उचलून न्यायची वेळ झाली तरी हात काढेना. जलदान विधी झाला, माणसं पांगली. फर्दापूरची आत्या, अण्णांची थोरली बहीण, तेवढी मदतीला राहिली. मायनं बरेच दिवस टॅबलेटला बोट लावलं नाही.

मग एका दुपारी मी कामाच्या मीटिंगमध्ये होते आणि बाजूच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. "आवं, ऐकलं का?"

आत्याच्या हातातलं पातेलं पडलं. मी सगळं टाकून धावले. माय शांत बसली होती, टॅबलेट मांडीवर. "काढून टाक बाई ते," आत्या रडत म्हणाली. "गेलेल्या माणसाच्या आवाजात हाका व्हय? तिचा बी जीव तुटंल आन् आपला बी." मला तरी कुठं सोसत होतं. संध्याकाळी मी फाईलमधून ती ओळ काढली. खालच्या वर सरकल्या, आणि पडदा असा दिसायला लागला की तिथं कधी काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवसापासून माय पाणी मागायला लागली. टॅबलेट माझ्या आवाजात म्हणायचा, "पाणी." आम्ही तांब्या घेऊन धावायचो, ती तो हातानं सारायची. परत "पाणी." परत सारायची, पलंगावर थापा मारायची. आणि मग यादी खाली सरकवून तो लाल रडका चेहरा शोधायची. "दुखतंय."

पाणी. दुखतंय. पाणी. दुखतंय.

"तहान लागती आन् गिळवत नाय बिचारीला," आत्या म्हणाली. मला पण तेच वाटलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टॉर्चनं घसा पाहिला, काही नाही म्हणाले. "कुठं दुखतंय माय? दाखव ना गं. इथं? छातीत?" मी रोज विचारायची. ती माझ्याकडं बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. मी चिडले सुद्धा तिच्यावर. काय करू म्हटलं, सांगशील तर कळंल ना!

एकदा तिला भाकर कुस्करून भरवत होते. तिचं लक्ष दाराकडं होतं. दाराकडं बघता बघताच तिनं टॅबलेट ओढला आणि न बघता बोट ठेवलं, सगळ्यात वर. आपल्या स्वयंपाकघरात हात बरोबर मिठाच्या डब्यावर जावा, तसं. "पाणी," टॅबलेट म्हणाला.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. बाकीच्या ओळी ती चित्रं बघून शोधायची. पहिली ओळ तिला बघावी लागत नव्हती. तिनं पाणी मागितलंच नव्हतं एकदाही.

मी तिथंच जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसले. तीच ओळ, तोच फोटो, तोच आवाज, जागच्या जागी परत लिहिला. चक्र फिरलं, यादी आली. टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. आत्या दारात येऊन उभी राहिली.

मायनं बोट ठेवलं. "आवं, ऐकलं का?" अण्णांचा आवाज घरभर झाला.

ती थांबली. अण्णांना गच्चीवरून खाली यायला लागायचा तेवढा वेळ थांबली. मग यादी हळूहळू खाली सरकवली आणि लाल चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"दुखतंय."

कुठं दुखतंय, कुठं दुखतंय, म्हणून मी इतके दिवस तिच्या मागं लागले होते. "दुखतंय" हे ती मला सांगतच नव्हती.